भरतीचे वेळापत्रक आणि सुटीची कल्पना

समुद्रकिनाऱ्यावर सुटी घालवणे ही आज इतकी सर्वसाधारण गोष्ट झाली आहे, की तिला एक इतिहास आहे आणि त्या इतिहासाला स्वतःचा भूगोल आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. वाळूवर पसरलेली खुर्ची, तिच्यावरची छत्री, समोर निळे व शांत पाणी आणि वर दिवसभर तळपणारे ऊन, हे चित्र जाहिरातींमधून, चित्रपटांमधून आणि हॉटेलांच्या माहितीपत्रकांतून जगभर पोहोचले. परंतु ते जगातल्या सगळ्या उष्ण किनाऱ्यांचे चित्र नव्हे. ते भूमध्य समुद्राच्या उत्तर काठाचे आणि विसाव्या शतकातल्या काही दशकांत घडलेले चित्र आहे. ज्या समुद्रात भरती-ओहोटी जवळजवळ नाही आणि ज्या प्रदेशात उन्हाळा कोरडा असतो, अशाच ठिकाणी ते जन्माला येऊ शकत होते. महाराष्ट्र आणि गोव्याच्या किनाऱ्याला यांपैकी एकही लक्षण लागू पडत नाही. या किनाऱ्यावरच्या बुडण्याच्या घटना, वाळूवर चढत गेलेली बांधकामे आणि मच्छीमार व पर्यटन व्यावसायिक यांच्यातले वाद हे प्रश्न वेगवेगळ्या खात्यांत आणि वेगवेगळ्या बातम्यांत विखुरलेले दिसत असले, तरी त्यांच्या मुळाशी बऱ्याच अंशी हीच विसंगती आहे, असे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

युरोपात समुद्राकडे लोक प्रथम गेले ते मौजेसाठी नव्हे, तर औषधासाठी. रिचर्ड रसेल या इंग्रज वैद्याने १७५० साली समुद्राच्या पाण्याने ग्रंथींचे विकार बरे होतात असे सांगणारा लॅटिन प्रबंध प्रसिद्ध केला आणि ब्राइटन या मच्छीमारांच्या गावात रोगी पाठवण्यास सुरुवात केली. त्या उपचारात समुद्रस्नान थंड पाण्यातच घ्यायचे असे, आणि पुष्कळदा ते पाणी प्यायचेही असे. चाकांवरची लाकडी खोली घोड्याकरवी पाण्यात नेऊन तिच्या आडोशाने बुडी मारण्याची पद्धत याच काळातली. पुढे १८४१ मध्ये लंडन ते ब्राइटन रेल्वे सुरू झाली, तेव्हा उपचाराची जागा करमणुकीने घेतली आणि श्रीमंतांबरोबर कारागीर व कामगारही एका दिवसासाठी किनाऱ्यावर येऊ लागले. येथे एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. ब्राइटनला उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत सुमारे सहा मीटरचा फरक पडतो. त्यामुळे इंग्लंडमधल्या या पहिल्या पिढीच्या करमणुकीला भरतीशी जुळवून घेणे भागच होते. किनाऱ्यापासून समुद्रात दूरवर गेलेले लांबलचक धक्के ही त्या देशाची ओळख मानली जाते. त्यांतला जुना, १८१४ चा राइडचा धक्का मुळात बांधला गेला तो ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलातून उतारूंना चालत यावे लागू नये म्हणून. फेरफटका, बँड आणि नाटके हे त्या धक्क्यांचे उपयोग नंतरचे. भरतीचा समुद्र आणि सुटी यांचा मेळ घालणारी वास्तुरचना एकदा घडली होती, एवढे यातून दिसते. पुढे सुटीच दुसऱ्या समुद्राकडे निघून गेली.

तो दुसरा समुद्र म्हणजे भूमध्य. लॉर्ड ब्रूम हा ब्रिटिश राजकारणी १८३४ साली कान येथे थांबला आणि तिथेच घर बांधून राहिला. त्याच्यामागून इंग्रज, रशियन आणि जर्मन धनिक आले. हे सारे येत ते हिवाळ्यात. उत्तरेची थंडी आणि धुके टाळायचे, फुललेल्या बागांतून फिरायचे आणि उन्हाळा लागण्यापूर्वी परतायचे, असा त्यांचा क्रम होता. स्तेफाँ लिएजार या लेखकाने १८८७ मध्ये आपल्या पुस्तकाच्या शीर्षकातून ज्या किनाऱ्याला ‘कोत द’अझ्युर’ हे नाव दिले, तो त्या काळी मे महिन्यानंतर ओस पडत असे, हॉटेलांची दारे बंद होत आणि सूर्य ही आरोग्याला घातक गोष्ट समजली जाई. रापलेली कातडी ही शेतात राबणाऱ्याची खूण होती. छत्री, बुरखा आणि हातमोजे ही प्रतिष्ठितांची.

हा दृष्टिकोन उलटण्यास वैद्यकशास्त्रच कारणीभूत झाले. त्वचेच्या क्षयावर प्रकाशकिरणांचा उपचार शोधणारे डेन्मार्कचे नील्स फिन्सन यांना १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या लेझाँ या डोंगराळ गावी ओग्युस्त रोलिए यांनी क्षयरोग्यांना उन्हात झोपवून बरे करणारे रुग्णालय काढले. ऊन औषध ठरले, औषधातून ते सौंदर्याचे साधन झाले आणि हिवाळ्यात कारखान्यांच्या धुराखाली राहणाऱ्या समाजात रापलेली कातडी फुरसतीची खूण बनली. १९२३ मध्ये जेरल्ड आणि सारा मर्फी या अमेरिकन दांपत्याने आँतीब येथल्या एका मोठ्या हॉटेलच्या मालकाला उन्हाळ्यातही हॉटेल चालू ठेवण्यास राजी केले, ही घटना तशी किरकोळ; पण ऋतू उलटल्याची ती ठळक खूण आहे. १९३६ साली फ्रान्समधल्या लोकआघाडीच्या सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा देणारा कायदा केला, आणि धनिकांनी शोधलेला उन्हाळी किनारा श्रमिकांच्या आवाक्यात आला. युद्धानंतर विमाने स्वस्त झाली. व्लादिमीर राइट्झ यांनी १९५० मध्ये लंडनहून कॉर्सिका बेटावरील काल्वी येथे भाड्याच्या विमानाने प्रवासी नेले, आणि प्रवास, निवास व जेवण एकाच किमतीत विकण्याची प्रथा रुळली. स्पेनमध्ये १९६० साली सुमारे ६० लाख परदेशी पाहुणे आले होते. १९७३ साली ही संख्या ३ कोटी ४० लाखांच्या घरात गेली. बेनिदोर्मसारखे मच्छीमारांचे गाव पेद्रो सारागोसा या महापौराच्या कारकिर्दीत आखलेल्या नगररचनेतून उंच इमारतींचे शहर झाले.

या सगळ्या घडामोडीत समुद्राने मात्र कोणालाही कसली अट घातली नाही. भूमध्य समुद्र जिब्राल्टरच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीनेच महासागराला जोडलेला असल्यामुळे महासागरातली भरतीची लाट त्यात फारशी शिरत नाही, आणि त्याच्या बहुतेक किनाऱ्यांवर पाण्याची पातळी दिवसभरात हातभरही वरखाली होत नाही. सकाळी पाण्यालगत लावलेली छत्र्यांची रांग संध्याकाळीही पाण्यालगतच असते. जून ते ऑगस्ट पाऊस नाही, मोठी वादळे क्वचित, आणि लाटा सामान्यतः लहान. किनारा म्हणजे मोजता येईल, भाड्याने देता येईल आणि पाण्याच्या अगदी जवळ इमारती उभारता येतील असा वाळूचा स्थिर पट्टा, ही समजूत तिथे फारशी चुकीची नव्हती. ‘दिवसभर किनाऱ्यावर’ ही सुटीची कल्पनाही तिथेच अर्थपूर्ण ठरते, कारण तिथे दिवसभर किनारा असतो.

कोकणात तो तसा नसतो. चंद्र आणि सूर्य यांच्या आकर्षणामुळे येथे दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास, दोघांचे बल एका रेषेत असताना, येणारी मोठी भरती म्हणजे उधाणाची, आणि अष्टमीच्या सुमारास, ही बले काटकोनात असताना, येणारी लहान भरती म्हणजे भांगाची. उधाणाच्या वेळी मुंबईला पाणी पाच मीटरच्या आसपास चढते. दक्षिणेकडे हा फरक कमी होत जातो, तरी रत्नागिरी-सिंधुदुर्गात तो दोन-तीन मीटरचा राहतो. भरतीची वेळही रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. या हिशेबासाठी किनाऱ्यावर एक सोपा ठोकताळा पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, आणि अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. हे गणित मिनिटाला मिनिट जुळत नाही आणि गावागणिक थोडे पुढेमागे होते, पण होडी लोटणाऱ्याला तेवढे पुरते. त्यातून निघणारा एक निष्कर्ष पर्यटकाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा आहे. पौर्णिमेच्या संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी असते, म्हणून सूर्यास्त पाहायला आलेल्या माणसाला रुंद, टणक आणि मोह पाडणारी पुळण दिसते. अष्टमीच्या संध्याकाळी त्याच जागी पाणी असते. आणि रुंद पुळणीवर दूर गेलेल्या माणसाच्या मागे पाणी परतते ते एकसारख्या गतीने नव्हे. भरतीच्या सहा तासांपैकी तिसऱ्या आणि चौथ्या तासात एकूण चढाचा जवळजवळ निम्मा भाग येऊन जातो. तीन मीटरचा चढ असेल आणि वाळूचा उतार पन्नास मीटरला एक मीटर असेल, तर त्या दोन तासांत पाण्याची कड पाऊणशे मीटर आत येते. ओहोटीच्या ओल्या वाळूवर हौसेने घातलेल्या मोटारी अडकल्याच्या बातम्या कोकणातून वारंवार येतात, त्यांचे रहस्य यापलीकडे काही नाही: पाणी चढू लागले की वाळूतला ओलावाही वर येतो, तिची टणक पकड सुटते आणि चाके रुततात.

किनाऱ्यावरच्या जुन्या रीतींमध्ये हे सर्व ज्ञान अंतर्भूत होते, आणि या रीतींत करमणूक नव्हती असे मात्र समजू नये. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जायचे आणि भरतीपूर्वी परतायचे, ही आजही तिथल्या सहलीची शिस्त आहे. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा डोंगर उतरून लाटांनी कोरलेल्या खडकांवरून देवळाला वळसा घालते, आणि पाणी चढलेले असेल तर ती करता येत नाही. भाविकाला थांबावे लागते किंवा दुसऱ्या वेळी यावे लागते. देवगड तालुक्यातल्या कुणकेश्वरच्या यात्रेत महाशिवरात्रीच्या पर्वावर देवांच्या स्वाऱ्यांसह भाविक समुद्रात स्नान करतात. या तिन्ही ठिकाणी माणूस समुद्राकडे जातो तो ठरलेल्या तिथीला किंवा पाण्याने दिलेल्या वेळेला, आणि काम झाले की परततो. घरांची मांडणीही हेच सांगते. समुद्र, पुळण, वाळूची टेकाडे, मग केवड्याची किंवा सुरूची झाडे, त्यामागे माड-पोफळीच्या वाड्या आणि त्यांच्या आश्रयाने घरे, असा अनेक गावांचा छेद आहे. समुद्रदर्शनी खोलीला आज जो अधिक दर मिळतो, तो या गावच्या जुन्या माणसाला चमत्कारिकच वाटला असता, कारण समुद्र दिसणार नाही अशा ठिकाणी घर बांधणे हेच शहाणपणाचे होते.

सुटी ही गोष्टही या प्रदेशाला अपरिचित नव्हती. तिचे स्वरूप वेगळे होते. मुंबईच्या गिरण्यांत आणि कचेऱ्यांत काम करणारा चाकरमानी मे महिन्यात आणि गणपतीला गावी जाई. दक्षिणेकडच्या बंदरांना जाणाऱ्या बोटी पावसाळ्यात बंद असत, म्हणून मे महिन्याच्या अखेरीस परतीची घाई होई. त्या सुटीत आंबे, फणस, मासे, लग्नकार्ये आणि घराची शाकारणी होती. समुद्र परसात असूनही सुटीचा विषय नव्हता. भारत सरकारनेही १९५६ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना रजा प्रवास सवलत दिली ती प्रारंभी स्वतःच्या गावी जाण्यासाठी. सुटी म्हणजे परक्या जागी जाणे ही व्याख्या सरकारदरबारीही नंतरची आहे. मुंबईकरांची गिरगाव आणि जुहूची चौपाटी हा तिसरा प्रकार: ऊन उतरल्यावर यायचे, हवा खायची, भेळ खायची, लेकरांना वाळूत खेळू द्यायचे आणि अंधार पडल्यावर घरी जायचे. ज्या देशात ऊन वर्षभर फुकट मिळते आणि गोरेपणाचे वेड काही केल्या सुटत नाही, तिथे कोणी मुद्दाम उन्हात निजण्याचा प्रश्नच नव्हता. भारतीय पर्यटक आजही किनाऱ्यावर गर्दी करतो ती सकाळी आणि संध्याकाळी, अंगावरच्या कपड्यांसह पाण्यात शिरतो आणि बहुतेक वेळा त्याला पोहता येत नसते. हॉटेलचा आराखडा युरोपातून आला, पाहुणा मात्र आला नाही. सुरक्षेचा विचार करताना ही बाब निर्णायक ठरते.

दुसरे लक्षण ऋतूचे. भूमध्य काठचा सुटीचा हंगाम जून ते ऑगस्ट असतो; नेमक्या याच महिन्यांत कोकणात वर्षाचा बहुतेक पाऊस कोसळतो आणि नैऋत्येच्या वाऱ्याने उठणाऱ्या लाटा खुल्या समुद्रात तीन मीटरच्याही वर जातात. या लाटा किनाऱ्यावरची वाळू उचलून आत नेतात आणि पाण्याखाली तिचे बांध घालतात. पाऊस संपल्यावर शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. म्हणजे एकाच गावची पुळण मे महिन्यात भरलेली व उंच असते आणि ऑगस्टमध्ये खचलेली व अरुंद. भूगोलशास्त्रात याला किनाऱ्याचे ऋतुचक्र म्हणता येईल; व्यवहारात त्याचा अर्थ इतकाच, की मे महिन्यात वाळू पाहून बांधलेली भिंत ऑगस्टमध्ये समुद्रात उभी असते. भिंतीवर आदळलेली लाट पायथ्याची वाळू अधिक जोराने ओढून नेते, त्यामुळे परत येणारी वाळू तिथे टिकत नाही, आणि मग त्या भिंतीच्या रक्षणासाठी दगडांचा बंधारा घालावा लागतो. मासेमारी दरवर्षी जूनच्या आरंभापासून सुमारे दोन महिने बंद राहते, आणि श्रावणी पौर्णिमेला नारळ अर्पण करून होड्या पुन्हा पाण्यात उतरतात. समुद्रालाही सुटी देणारा हा क्रम आहे. पर्यटन व्यवसायाने मात्र अलीकडे ‘पावसाळी कोकण’ विकून तीही भरून काढली आहे.

गोव्याने या बाबतीत एक उत्तर शोधले, आणि त्याचे पुरेसे श्रेय त्याला मिळालेले नाही. १९६१ मध्ये पोर्तुगीज राजवट संपल्यानंतर त्या दशकाच्या अखेरीस कळंगुट, हणजूण या गावांकडे युरोप-अमेरिकेतले हिप्पी आले. त्यांच्यामागून १९७४ मध्ये आग्वादच्या किल्ल्यावर तारांकित हॉटेल उभे राहिले, आणि १९८० च्या दशकात युरोपातून थेट भाड्याची विमाने येऊ लागली. या विमानांचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च, म्हणजे पुन्हा हिवाळ्याचा. इतिहासाने या प्रवाशांना त्यांच्या पणजोबांच्या ऋतूत परत आणून सोडले, असे म्हणायला हरकत नाही. या गर्दीतून उभी राहिलेली शॅक, म्हणजे बांबू, माडाची झावळे आणि लाकडी फळ्या यांची खाणावळ, दिसायला तात्पुरती आणि काहीशी गबाळी असली, तरी रचना म्हणून ती किनाऱ्याला सर्वांत अधिक समजून घेणारी आहे. सरकार तिला हंगामापुरता परवाना देते, पाऊस येण्यापूर्वी ती मोडून न्यावी लागते आणि वाळू ओसरली तरी हरकत नसते, कारण त्या वेळी वाळूवर काही उभेच नसते. पाया नसणे हा इथे दोष नाही. शॅकवाल्यांनी वाळूवर अतिक्रमण केले, सांडपाणी जिरवले, मोठ्या आवाजाची गाणी लावली, या तक्रारी खऱ्या आहेत. पण त्या व्यवस्थापनाच्या आहेत, रचनेच्या नव्हेत.

कायद्याने वेगळी वाट धरली. पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी १९८१ साली किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा बांधकामांपासून मुक्त ठेवण्यास सांगितले, आणि त्याच विचारातून पर्यावरण संरक्षण अधिनियमाखाली १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारा नियमन क्षेत्राची, अर्थात ‘सीआरझेड’ची, अधिसूचना निघाली. तिचा सारा डोलारा उच्चतम भरतीरेषेवर उभा आहे, आणि उधाणाच्या वेळी पाण्याची सर्वांत वरची कड जमिनीवर जिथवर पोहोचते ती ही रेषा, अशी तिची व्याख्या आहे. एका अर्थाने ही भारतीय कायद्यातली दुर्मीळ तरतूद म्हणावी लागेल, कारण तीत हद्द ठरवण्याचा अधिकार चंद्राला दिलेला आहे. १९९१ च्या नियमानुसार अविकसित ग्रामीण किनाऱ्यावर या रेषेपासून २०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मज्जाव होता. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागासाठी, म्हणजे २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक लोक राहतात अशा ठिकाणी, हे अंतर ५० मीटरवर आणले. स्थानिकांना स्वतःच्या घराची दुरुस्तीही सहजपणे करता येत नव्हती, ही तक्रार न्याय्य होती. पण ५० मीटरचा लाभ कोळ्याच्या घराला किती आणि त्याची जमीन घेणाऱ्याला किती, हे गावोगावच्या खरेदीखतांवरूनच कळेल. शिवाय रेषा एकदा नकाशावर उमटली की ती स्थिर होते, आणि वाळू स्थिर राहत नाही.

पाण्यातल्या मृत्यूंचा विषय याहून गंभीर आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. तो पावसाळा नव्हता. समुद्र शांत समजला जातो असा महिना होता. शांत दिसणाऱ्या समुद्रातही तीन प्रकारचे धोके असतात आणि ते एकमेकांत मिसळून बोलले जातात, म्हणून ते वेगळे करणे आवश्यक आहे. पहिला, परतीच्या पाण्याची ओढ. फुटलेल्या लाटांनी किनाऱ्याशी साचवलेले पाणी वाळूच्या बांधांमधल्या खोलगट फटीतून अरुंद प्रवाहाच्या रूपाने परत जाते. त्या फटीत लाटा फुटत नाहीत, म्हणून तिथले पाणी सर्वांत निवांत दिसते आणि पोहता न येणारा माणूस नेमका तिथेच उतरतो. ही ओढ माणसाला खाली नेत नाही, आत नेते. तिच्याविरुद्ध किनाऱ्याकडे येण्याच्या धडपडीत दम संपतो आणि मृत्यू येतो, तर किनाऱ्याला समांतर सरकल्यास बहुधा थोड्या अंतरात ती सुटते. दुसरा धोका खाडीच्या मुखाचा. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तसे संगम छायाचित्रांत फार सुंदर दिसतात, परंतु ओहोटी लागली की खाडीत साठलेले सारे पाणी त्याच अरुंद तोंडातून बाहेर पडते, आणि उधाणाच्या दिवसांत त्याचा जोर पट्टीच्या पोहणाऱ्यालाही आवरत नाही. तिसरा धोका दुरून येतो. दक्षिण महासागरात हजारो किलोमीटरवर झालेल्या वादळाच्या लाटा काही दिवसांनी, स्थानिक वारा अजिबात नसताना, आपल्या किनाऱ्यावर चढतात. केरळात त्यांना कल्लक्कडल म्हणतात; त्या विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत येतात, म्हणजे महाराष्ट्रातल्या शाळांना सुटी असते तेव्हाच. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही भारतीय महासागर माहिती सेवा संस्था त्यांचे आगाऊ इशारे देते. ते इशारे बंदर कार्यालयापर्यंत आणि मच्छीमार सोसायट्यांपर्यंत पोहोचतात, न्याहारी-निवास चालवणाऱ्या घरापर्यंत क्वचितच पोहोचतात.

गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षकांची संघटित सेवा आहे; महाराष्ट्रात ही जबाबदारी बहुतांशी ग्रामपंचायत आणि नगरपालिका यांच्यावर सोडलेली आहे, आणि ज्या ग्रामपंचायतीचे वार्षिक उत्पन्न एका मोठ्या हॉटेलच्या महिन्याच्या विजेच्या बिलाइतके, तिने दोन किलोमीटर लांबीच्या पुळणीवर किती माणसे नेमावीत, हा प्रश्न कोणी विचारत नाही. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा घोषित झाला, पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, आणि प्रवासी येण्याची सोय झाली. ते पाण्यात उतरणार याची सोय झाली नाही.

किनारा कोणाचा, हा वाद रापणीच्या निमित्ताने सर्वांत स्पष्ट होतो. रापण म्हणजे होडीने अर्धवर्तुळात टाकलेले लांब जाळे दोन्ही टोकांनी किनाऱ्यावरून दोरखंडाने ओढून घेण्याची सामुदायिक मासेमारी. तीत अनेक कुटुंबांचे वाटे असतात आणि ओढण्यासाठी मोकळी, विनाअडथळ्याची पुळण लागते. मालवण-वेंगुर्ल्याकडे आज त्याच पुळणीवर पाण्यातल्या खेळांच्या बोटी उभ्या असतात. दोन्हीकडे पुष्कळदा एकाच वाडीतली माणसे आहेत: वडील रापणकर आणि मुलगा स्कूबाचा वाटाड्या, ही जोडी तिथे अपवादात्मक नाही. म्हणून हा वाद बाहेरचे विरुद्ध स्थानिक इतका सोपा राहत नाही. १९८७ मध्ये मालवणच्या समुद्राला सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला, त्याला मच्छीमारांनी दीर्घकाळ विरोध केला. आता त्याच पाण्यातली प्रवाळे पर्यटकांना दाखवून काहींची घरे चालतात, आणि प्रवाळांवर नांगर टाकू नये हे कोणाला पटवून द्यावे लागत नाही. मात्र ऑक्टोबर ते मे एवढेच महिने पाणी नितळ असते. जूनमध्ये नदीनाल्यांचा गाळ समुद्रात उतरला की हातावरचेही दिसत नाही, आणि उरलेल्या चार महिन्यांचा चरितार्थ, त्यांतले दोन महिने मासेमारीही बंद असताना, कसा चालवावा, हा हिशेब कोणत्याही पर्यटन आराखड्यात दिसत नाही.

वाळूपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा वेगळा मुद्दा आहे. समुद्रकिनारा ही खासगी मालमत्ता नसून सरकार तिचे केवळ विश्वस्त आहे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या दशकात मांडले, आणि २००९ साली गोव्यातील वायंगिणीच्या किनाऱ्याला जाणारी लोकांची वाट एका हॉटेलने अडवल्याच्या खटल्यात ते ठामपणे लागू केले. तरीही वाट अडवण्याचे भिंतीखेरीज इतर मार्ग असतात: वाहनतळाचे शुल्क, पहारेकऱ्याची नजर, खुर्च्यांच्या रांगा. ओहोटीच्या पाण्याखालून निघालेली जमीन कोणाचीच नसते, असे किनाऱ्यावरची माणसे मानतात. छत्रीचे भाडे घेणाऱ्याला हे मान्य होणे अवघड आहे.

या पार्श्वभूमीवर रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावचा अनुभव उल्लेखनीय ठरतो. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे भरतीरेषेच्या वर वाळूत खड्डा करून अंडी घालतात आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांच्या साहाय्याने या घरट्यांचे संरक्षण सुरू केले आणि पुढे पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी लोक येऊ लागले. त्यांच्यासाठी हॉटेल नाही. गावातल्या घरांत राहायचे, घरचे जेवायचे आणि सकाळी व संध्याकाळी ठरलेल्या वेळी किनाऱ्यावर जायचे. त्या दिवशी घरट्यातून पिल्ले निघाली नाहीत, तर पाहुण्यांना काहीही न पाहता परतावे लागते, आणि पैसे परत मागण्याची सोय नसते. पर्यटन व्यवसायाच्या भाषेत हा सदोष माल ठरेल. किनाऱ्याच्या दृष्टीने पाहता मात्र येथे पाहुणा तिथल्या वेळेप्रमाणे वागतो, आणि हरिहरेश्वरच्या भाविकाहून त्याची स्थिती फारशी वेगळी नसते. अर्थात वेळास हे लहान गाव आहे. शनिवार-रविवारला पुण्या-मुंबईहून निघणाऱ्या हजारो गाड्यांना ते पुरणारे नाही, आणि तो भार त्याच्यावर टाकणे हे त्याच्या नाशाचे कारण होईल.

प्रश्न त्या हजारो गाड्यांचाच आहे, कारण त्यांचा वार ठरलेला असतो आणि पाण्याची वेळ वारावर ठरत नाही. शुक्रवारी रात्री निघून रविवारी दुपारी परतणाऱ्या कुटुंबाला त्या आठवड्यात षष्ठी आहे की पौर्णिमा, याची कल्पना नसते. किनाऱ्यावर त्याला भेटतो तो बाराही महिने तेच शब्द सांगणारा, रंग उडालेला, ‘समुद्रात पोहण्यास सक्त मनाई’ असा फलक. जो फलक जानेवारीच्या सकाळी आणि जुलैच्या उधाणात एकच गोष्ट सांगतो, त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि तो लावणाऱ्याचीही तशी अपेक्षा नसावी. दुर्घटनेनंतरच्या चौकशीत दाखवण्यापुरता तो उपयोगी पडतो. त्याऐवजी त्या दिवशीची भरतीची वेळ, ओहोटी लागण्याची वेळ, खाडीचे मुख किती वाजल्यापासून टाळावे आणि कुठल्या पट्ट्यात ओढ आहे, एवढे रोज सकाळी खडूने लिहिणारा एक माणूस प्रत्येक पुळणीवर नेमता येण्यासारखा आहे. त्याला लागणारे शास्त्र पाऊणपटीच्या हिशेबाहून फार पुढचे नाही, ते शिकवणारी माणसे प्रत्येक कोळीवाड्यात आजही आहेत, आणि मासेमारी बंद असते त्या महिन्यांत त्यांना कामही नसते.